एकतीस नंबरचा कुरव

मी एक जुना रशियन कॅमेरा आहे. भरलेल्या तांब्याइतका जड आहे. माझ्या तळाला पांढऱ्या रंगात एकेचाळीस हा आकडा रंगवलेला आहे. बीड जिल्ह्यात जी माणसं मला ओळखतात, ती मला 'गळका' म्हणतात. मित्रांनो, मी गळका नाही. कधीच नव्हतो. एकोणतीस वर्षं हा डाग माझ्या अंगावर राहिला. खरं काय ते जगात फक्त दोघांना ठाऊक होतं. एक मी, आणि मला तोंड नाही. दुसरी उत्पला, माझ्या मालकांची मुलगी. तिला तोंड होतं.

गळका म्हणजे काय ते आधी सांगतो. माझ्या पोटात फिल्मचं रीळ बसतं. त्याला अंधार लागतो. फटीतून नको तो उजेड आत शिरला की फिल्म काळी पडते आणि तिच्यावरची चित्रं कायमची जातात. ज्याच्या अंगात अशी फट असते तो गळका कॅमेरा. कॅमेऱ्याला याहून मोठी शिवी नाही.

माझ्या मालकांचा शेवटचा साधा दिवस मला जसाच्या तसा आठवतो. दोन हजार सोळाचा एप्रिल होता. तलवाड्याजवळच्या आमच्या गावात पाण्याचा टँकर दिवसाआड यायचा. उत्पला अंबाजोगाईच्या महाविद्यालयात शिकवते, ती बाबासाहेबांच्या जयंतीसाठी गावी आली होती. जयंती झाली. दुसऱ्या दिवशी सकाळी टँकर येऊन गेला, घागरी आणि पातेली भरून झाली, आणि आण्णा लिंबाखाली चटईवर बसले. आण्णा म्हणजे भारत, माझे मालक. वय बहात्तर. त्यांनी मला पेटीतून काढलं आणि माझ्या पाठीच्या कडेनं लावलेली काळी चिकटपट्टी सोलायला सुरुवात केली. ही वायरमनची पट्टी असते. उन्हाळ्यात तिचा डिंक पाघळतो, म्हणून दर वर्षी ती काढून नवी लावायची, हा त्यांचा नेम होता.

"आण्णा, रीळ मिळायचं बंद होऊन दहा वर्षं झाली," उत्पला म्हणाली. "आता पट्टी कशाला?"

"रीळ बंद झालं म्हनून उजेड बंद झाला का?" आण्णा म्हणाले. "धर कात्री. सरळ काप. कालेजात शिकवती आन् पट्टी वाकडी कापती!"

घरातून चतुराबाईंचा, म्हणजे उत्पलाच्या आईचा आवाज आला. "त्या डब्याला वर्साला नवी पट्टी, अन् माझ्या चपलेला एक टाका न्हाई."

"तुझी चप्पल गळती का?" आण्णा ओरडले. दोघंही हसली.

उत्पला हसली नाही. तिनं मला मांडीवर घेतलं होतं. माझ्या पाठीच्या कडेला एक खिट्टी आहे, ती ओढली की पाठ उघडते. तिचं बोट त्या खिट्टीवर येऊन थांबलं.

"आण्णा, तुम्हाला एक सांगायचं होतं."

"मग सांग की. थांबली कावून?"

माझ्या आत जी काही स्प्रिंग आहे ती ताठ झाली. मी या वाक्याची एकोणतीस वर्षं वाट पाहत होतो.

"चहात साखर कमी घेत जा," ती म्हणाली. "शुगर वाढलीय तुमची."

"बघा! सारा जलम साखर कारखान्याच्या दारात गेला, आन् म्हातारपनी साखर बंद!"

त्यांनी नवी पट्टी लावली, अंगठ्यानं दाबून बसवली आणि मला पेटीत ठेवलं. दुसऱ्या दिवशी पहाटे आण्णा झोपेतच गेले.

आता माझी हकीकत पहिल्यापासून सांगतो. माझा जन्म दूर बर्फाच्या मुलुखातल्या एका कारखान्यातला. तिथं माझ्यासारखे हजारो तयार होत. आम्हाला नाजूक म्हणून कोणी घडवलं नव्हतं. माझा खटका वाजला की कोणी दारावर थाप मारल्यासारखा आवाज होतो. जहाजातून मी मुंबईला आलो, तिथून औरंगाबादच्या एका दुकानात. एकोणीसशे अठ्ठ्याहत्तर साली मला आमच्या तालुक्यातल्या ऊसतोडणी मजूर सहकारी संस्थेनं विकत घेतलं.

ही संस्था बहात्तरच्या दुष्काळानंतर उभी राहिली होती. दुष्काळी कामावर खडी फोडणाऱ्या माणसांनीच एकेक शेअर घेऊन ती उभारली. दसरा झाला की त्यांच्या टोळ्या कोल्हापूरकडच्या कारखान्यांवर ऊस तोडायला जात. पाडव्याच्या सुमाराला परत येत. जानेवारीत संस्थेचा एक माणूस तिथल्या उसाच्या फडांवर जाऊन प्रत्येक टोळीची हजेरी घेई आणि टोळीचा फोटो काढी. परमुलखात कोणी हरवलं, कोणाला अपघात झाला, तर ओळख पटावी म्हणून. तो माणूस म्हणजे भारत. मॅट्रिक झालेला, संस्थेतला कारकून. संस्थेनं माझ्या तळावर एकेचाळीस नंबर रंगवला आणि मला डेडस्टॉकच्या रजिस्टरात चढवलं. खुर्च्या, पंखे आणि कपाटं यांच्या रांगेत. मी तेव्हा कोरा करकरीत होतो आणि माझी गणती मेलेल्या वस्तूंत झाली. तिथपासूनच मी ठरवलं, रजिस्टर काय म्हणतं याकडे लक्ष द्यायचं नाही.

पहिल्या वर्षी टोळ्यांचे फोटो झाल्यावर रिळात पंचवीस चित्रं शिल्लक राहिली. आण्णांनी हक्काची दोन दिवसांची रजा काढली, एसटीनं आंबा घाट उतरले आणि रत्नागिरीजवळच्या एका कोळीवाड्यात गेले. त्यांनी समुद्र कधी पाहिला नव्हता. मीही जहाजाच्या पोटात खोक्यात होतो, मीही पाहिला नव्हता. आम्ही दोघांनी तो एकदमच पाहिला.

ते बराच वेळ वाळूत उभे राहिले. फोटो काढायचं सुचलंच नाही. मग त्यांना पाण्याच्या कडेला पांढरी पाखरं दिसली. पाठ राखाडी, चोच आणि पाय तांबडे, डोळ्यामागं काजळाचा ठिपका.

"बदकं का ही?" त्यांनी मासे वाळत घालणाऱ्या एका कोळणीला विचारलं.

"बदकं? कुरव ते! दिवाळी झाली की येतात, शिमगा झाला की जातात. लांबून येतात, बर्फातून."

"म्हंजे आमच्या टोळीवानीच की," आण्णा म्हणाले. "ह्यांचा मुकादम कोन?"

"तो बघा तिकडं," कोळीण म्हणाली. "दुसऱ्याच्या तोंडातला मासा हिसकावतो तो."

आण्णा पोट धरून हसले. त्या दिवसापासून दर जानेवारीला आधी टोळ्या आणि मग कुरव, असा आमचा क्रम ठरला.

माझं भिंग फार लांबचं ओढत नाही. पाखरू मोठं दिसायचं तर त्याच्या जवळ जावं लागतं, आणि उभा माणूस जवळ आला की पाखरू उडतं. म्हणून आण्णा ओल्या वाळूत बसूनच सरकत. हातभर सरकायचं आणि थांबायचं. तास-दोन तास गेले की कुरवांना त्यांचा विसर पडे आणि ते त्यांच्या अवतीभवती चालू लागत. लाटा, खडक, होड्या, रापणीची मोठी जाळी आणि पाखरं, असं सगळं मी साठवत गेलो. आण्णा वहीत प्रत्येक चित्राचा नंबर टाकून नोंद करत. घरी ओसरीच्या कोपऱ्यात काळी घोंगडी लावून ते स्वतः फिल्म धूत, आणि फोटोच्या प्रती टोळीतल्या घरांना वाटत. पत्र्याच्या खोल्यांत, डाळीच्या डब्यांच्या वर, खिळ्याला समुद्र लटकू लागला.

भिवराबाई नावाची एक म्हातारी तोडणीवाली होती. तिनं पहिला फोटो हातात घेतला, उलटा केला, सुलटा केला आणि म्हणाली, "एवढं पानी, आन् कोनी हंडा घेऊन उभं न्हाई!"

"खारट असतंय ते, भिवराबाई."

"असू दे खारट. बघायला तर गोडच हाय."

गावातले शहाणे लोक मात्र म्हणत, दुष्काळी भागातल्या माणसाला हा कसला नाद? समुद्राचे फोटो पाहून विहिरीला पाणी येतं का? मित्रांनो, मी त्यांना तेव्हा उत्तर देऊ शकलो नाही, आता देतो. टँकर ज्याला प्यायचं त्याच्यासाठी असतो. पाहायचं पाणी वेगळं असतं, आणि तहान त्याचीही लागते. ज्यांच्या वाट्याला ऊस तोडणं आलं त्यांनी कुरव पाहू नये, असा कायदा कुठल्या रजिस्टरात लिहिलेला नाही.

सत्त्याऐंशी सालचा जानेवारी आला. पाऊस सलग दोन वर्षं हुकला होता. मी अकरा टोळ्यांचे फोटो घेतले आणि मग आम्ही कोळीवाड्यात पोहोचलो. दुसऱ्या दिवशी सकाळी रापण ओढली जात होती. चाळीसेक माणसं दोर ओढत होती आणि जाळ्यावर शेकडो कुरव घिरट्या घालत होते. आण्णा गुडघाभर पाण्यात बसले होते. अचानक सगळा थवा वर उठला. त्यातला एक कुरव वाऱ्याला तोंड करून आमच्यासमोर हवेत थांबला. हात लांब केला असता तर त्याच्या पंखाला लागला असता. पाठीमागं सगळं आकाश पंखांनी भरलेलं, खाली दोर ओढणारी माणसं, आणि तो एकटा स्थिर. माझा खटका वाजला. आण्णांनी वहीत लिहिलं, 'एकतीस. कुरव, समोरून. मिळाला.' मिळाला हा शब्द त्यांनी त्या वहीत दुसऱ्या कुठल्याच नंबरापुढे लिहिलेला नाही.

आता पुढचं नीट ऐका, कारण सगळं इथंच घडलं. समुद्रावरून आलं की माझ्या सांध्यात वाळू बसलेली असते. तशात रीळ मागं गुंडाळलं तर वाळूचा कण फिल्मवर लांबच लांब ओरखडा पाडतो. म्हणून आण्णा वाटेत रीळ गुंडाळत नसत. घरी येऊन, ब्रशनं मला बाहेरून झाडून, मग सावकाश गुंडाळत. त्या दिवशी ते दुपारी घरी पोहोचले. दोन दिवसांच्या प्रवासानं थकले होते. मला कोनाड्यात ठेवून ते आडवे झाले. छत्तीसच्या छत्तीस चित्रं रिळाच्या डबीत परत न गुंडाळलेली, माझ्या पोटात उघडी पडून होती.

उत्पला नऊ वर्षांची होती. ती हापशावर घागर घेऊन रांगेत उभी होती आणि तिथं तिचं भांडण झालं होतं. एक मुलगी म्हणाली होती, "तुझा बाप थापा मारतो. पानी संपत न्हाई अशी जागा असतीच न्हाई." उत्पला तणतणत घरी आली. धुतलेल्या फिल्मची पट्टी दोरीवर वाळताना तिनं खूपदा पाहिली होती. उजेडासमोर धरली की त्या पट्टीवर चिमुकल्या होड्या आणि पाखरं दिसतात, हे तिला माहीत होतं. कॅमेऱ्यातल्या पट्टीवरही ती असणारच, असं तिला वाटलं. धुण्याआधी फिल्मवर डोळ्यांना काही दिसत नाही, आणि धुण्याआधी तिला उजेड चालत नाही, हे तिला कोणी सांगितलं नव्हतं. घोंगडीच्या आत तिला कधी घेतलंच नव्हतं.

तिनं मला कोनाड्यातून काढलं, अंगणात उन्हात नेलं, खिट्टी ओढली आणि माझी पाठ उघडली. बोटानं फिल्म सोडवून लांबवर ओढून पाहिली. राखाडी पट्टी. कुठं होडी नाही, पाखरू नाही.

"काहीच न्हाई," ती हिरमुसून म्हणाली. तिनं फिल्म परत आत कोंबली, पाठ लावली आणि मला जागेवर ठेवलं.

त्या संध्याकाळी आण्णांनी फिल्म धुतली. घोंगडीतून बाहेर आले तेव्हा त्यांच्या हातात काळी पट्टी होती. एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत काळी. त्यांनी ती दिव्यासमोर धरली. खाली केली. पुन्हा धरली.

"काय झालं हो?" चतुराबाईंनी विचारलं.

"गळला," आण्णा म्हणाले. "कॅमेरा गळला."

मी ओरडलो असतो, मित्रांनो. माझ्याकडे फक्त एक डोळा आहे. त्या डोळ्यासमोर उत्पला उभी होती, दोरीला लावायचे चिमटे हातात घेऊन. तिला सगळं कळलं होतं. तिचं तोंड उघडलं होतं, शब्द ओठांवर होता. तेवढ्यात आण्णांनी वर पाहिलं.

"तू कावून रडती, बाळा?" ते म्हणाले. "तुझा काय दोष?"

तिचं तोंड मिटलं. ते रागावले असते तर ती बोलली असती, असं मला अजूनही वाटतं.

पुढं सगळं भराभर झालं. संस्थेचे चेअरमन आबासाहेब संतापले. ते मनानं वाईट नव्हते, पण आवाजानं मोठे होते.

"अकरा टोळ्यांचे चेहरे गेले! कॅमेरा गळका हाय, का तूच, बे? पाखरं टिपायला रीळ पुरतं, अन् मान्सं टिपली की गळतं?"

"मान्सं आधी टिपली, साहेब," आण्णा म्हणाले. "पाखरं उरल्या रिळावर. पुन्ना जातो. पुन्ना टिपतो."

ते गेलेही. कोणाचा तरी कॅमेरा मागून घेतला आणि स्वतःच्या रजेत अकराही फडांवर पुन्हा जाऊन आले. संस्थेच्या कामात खोट राहू दिली नाही. पण तोवर सभेत ठराव झाला होता. एकेचाळीस नंबरची वस्तू नादुरुस्त, मोडीत काढावी. मला मोडक्या खुर्च्यांबरोबर आणि एका गंजलेल्या काट्याबरोबर पोत्यात घातलं. गेवराईचा भंगारवाला चाँद आमचं ते पोतं घेऊन गेला.

आण्णा सायकलवर त्याच्या मागं गेले.

"चाँदभाई, त्यातला कॅमेरा मला पायजे."

"गळका हाय म्हनत्यात की तो."

"हाय तसा दे."

चाँद म्हणाला, "पैसे नको. अम्मीचा फोटो काढून दे. आयुष्यात एक बी न्हाई तिचा."

आण्णांनी माझ्या पाठीला पहिल्यांदा काळी पट्टी लावली, नवं रीळ भरलं आणि आमिनाबीचा फोटो काढला. पांढरी ओढणी, चेहऱ्यावर सुरकुत्यांचं जाळं, हनुवटी वर. फोटो इतका स्वच्छ आला की तिच्या पापणीचा केस न् केस मोजता येत होता.

"अरे, कुठं गळतो हा?" चाँद म्हणाला.

"पट्टीची करामत," आण्णा म्हणाले.

इथून माझ्या अपमानाचा दुसरा अध्याय सुरू होतो. पुढच्या सतरा हिवाळ्यांत मी शेकडो चांगले फोटो दिले. एकही फिल्म काळी पडली नाही. आणि प्रत्येक वेळी श्रेय गेलं त्या चिकटपट्टीला! आण्णा इतर फोटोग्राफरांनाही सांगत, पट्टी लावा, बिनघोर राहा. माजलगावच्या धरणावर एका हिवाळ्यात दोन कुरव उतरले, तेव्हा पारावरचे लोक म्हणाले, "बगळे हायेत बे!" मी त्यांची तांबडी चोच आणि डोळ्यामागचा ठिपका चोख टिपून दाखवला, लोकांनी कुरव मान्य केले, आणि आण्णांनी माझ्या पाठीवरून हात फिरवला. माझ्यावरून नाही. पट्टीवरून.

मी हट्टी आहे. मी काम सोडलं नाही. ज्याला खोटं ठरवलं आहे त्यानं रोज खरं काम करत राहावं, एवढंच त्याच्या हातात असतं, आणि ते मी केलं.

पण एक नुकसान मला भरून काढता आलं नाही. आण्णा दर जानेवारीला रापणीजवळ, तसेच गुडघाभर पाण्यात बसत. कुरव उठत, घिरट्या घालत, पण तसा समोर येऊन कोणी थांबला नाही. ते वहीत लिहीत, 'एकतीस नाही.' सतरा वर्षं, सतरा वेळा. घरी जेवताना कधी तरी ते हात पसरून तो कुरव कसा थांबला होता ते दाखवत. उत्पला ताटात पाहत राही.

ती पंधरा वर्षांची असताना तिच्या शाळेतले चित्रकलेचे शिक्षक बद्रीनाथ सर घरी आले. त्यांनी भिंतीवरचे फोटो एकेक करून पाहिले आणि म्हणाले, "भारतराव, हे मुंबईच्या प्रदर्शनाला पाठवा. मी पत्ता देतो."

"नको, सर," आण्णा म्हणाले. "गळक्या कॅमेऱ्याचं काम हाय. मोठ्या लोकांच्या नजरंला कुठं तरी उजेड दिसंल. हसतील."

सरांनी खूप सांगितलं. आण्णांनी ऐकलं नाही. ते कोणाला घाबरणारे नव्हते. चेअरमनसमोर मान वर करून बोलणारा माणूस, पण माझ्यावर त्यांचा भरवसा उरला नव्हता, आणि माझ्यावरचा भरवसा गेल्यामुळे स्वतःच्या कामावरचाही थोडा गेला होता. उत्पला दाराआड उभी होती. ती सगळं ऐकत होती. फोटो भिंतीवरच राहिले.

ती का बोलली नाही, असं तुम्ही विचाराल. मी पाहिलं ते सांगतो. नऊ वर्षांची असताना भीतीनं बोलली नाही. पंधराव्या वर्षी लाजेनं. मग ती शिकायला बाहेर गेली, पुष्कळ पुस्तकं वाचली, आणि तिला वाटू लागलं की लहानपणच्या चुकीला एवढं काय धरून बसायचं. पुढं आण्णा म्हातारे झाले, तेव्हा तिनं स्वतःला समजावलं की आता सांगणं म्हणजे त्यांना दुखवणं. शिकलेल्या माणसाकडे गप्प राहायची कारणं जास्त असतात. मी तिला माफ केलं असं सांगणार नाही. केलं नव्हतं. मी वाट पाहत होतो.

दोन हजार चार साली आमची शेवटची फेरी झाली. मग तालुक्यात रीळ मिळेनासं झालं आणि मी पेटीत गेलो. त्याचं मला दुःख नाही. काळ बदलतो. मोबाइल आले म्हणून मी रुसलो नाही. पेटीत राहूनही माझी पाठ घट्ट होती.

मित्रांनो, माझ्यासारखे म्हातारे गोष्टीच्या शेवटी मागणं मागतात. आम्हाला पुसून ठेवा, तेल द्या, अडगळीत टाकू नका. मी यातलं काही मागत नाही. आण्णांनी माझी निगा उत्तम राखली. माझं मागणं दुसरं आहे. एखाद्यावर दोष टाकण्याआधी त्याला एकदा नीट तपासा. मी बोलू शकत नव्हतो, पण एक कोरं रीळ भरून, पट्टी काढून, एक फोटो घेतला असता तरी माझी सुटका झाली असती. आणि ज्यांना खरं माहीत आहे त्यांनी ते ऐकणारा समोर असताना सांगा. ऐकणारा कायम चटईवर बसून राहत नाही.

आण्णा गेल्यानंतरच्या रविवारी घरी जलदान विधी झाला. अंगणात मंडप घातला होता. टेबलावर बुद्ध आणि बाबासाहेबांच्या तसबिरी, त्यांच्या खाली आण्णांचा फोटो, आणि फोटोशेजारी मी. चतुराबाईंनीच मला तिथं ठेवलं होतं. वंदना झाली. भन्तेजींनी गाथा म्हटल्या. उत्पलानं तांब्यातलं पाणी ताटलीतल्या वाटीत सावकाश ओतलं. वाटी भरून पाणी ताटलीत सांडलं तेव्हा मंडपातल्या बायकांची नजर त्याच्यावर खिळून राहिली. त्या दिवशी टँकर आलेला नव्हता.

मग रीतीप्रमाणे लोक आदरांजलीची दोन-दोन वाक्यं बोलू लागले. म्हातारे आबासाहेब काठी टेकत माईकपाशी आले. आता आवाज थरथरत होता.

"भारतसारका मानूस व्हनं न्हाई," ते म्हणाले. "सौंस्थेचा कॅमेरा गळका निघाला. आमी मोडीत काढला. पन ह्या पठ्ठ्यानं त्याला चिकटपट्टी लावली आन् गळक्या कॅमेऱ्यातून आमाला समुद्र दावला. आमी त्याला पट्टीवाला भारत म्हनायचो." मंडपात हलकं हसू उमटलं. त्या हसण्यात माया होती. कोणालाच वाईट बोलायचं नव्हतं.

सूत्रसंचालकानं उत्पलाचं नाव घेतलं. ती उठली. तिच्या हातात लिहून आणलेला कागद होता. माईकपाशी आल्यावर तिनं तो वाचला नाही, घडी घालून मुठीत धरला. मग ती टेबलाकडे वळली, मला उचललं आणि नखानं काळी पट्टी सोलायला लागली. पट्टी नवी होती, सहज निघत नव्हती. सगळा मंडप पाहत होता.

"उत्पला, ती राहू दे गं," चतुराबाई म्हणाल्या. "त्यांच्या हातची हाय."

"म्हणूनच काढतेय, आई."

तिनं पट्टी काढली. एकोणतीस वर्षांत पहिल्यांदा पट्टी निघाली ती नवी लावण्यासाठी नाही.

"आबासाहेब," ती म्हणाली, "तुम्ही आत्ता बोललात ते खोटं आहे. खोटं तुमचं नाही, माझं आहे. हा कॅमेरा गळका नव्हता. तो कधीच गळला नाही."

"अगं, पन ते काळं रीळ—"

"बसा, आबासाहेब. माझं होऊ द्या."

आबासाहेब बसले. ती लोकांकडे पाहत नव्हती. मला दोन्ही हातांत धरून ती आण्णांच्या फोटोकडे वळली. आवाज मोठा होता. माईकची गरज नव्हती.

"आण्णा," ती म्हणाली, "तुम्ही विचारलं होतं, तुझा काय दोष. मी तेव्हा उत्तर दिलं नाही. त्या दुपारी तुम्ही झोपला होतात. मला समुद्र बघायचा होता. मी कॅमेरा उन्हात नेला आणि फिल्म बाहेर ओढली. एकतीस नंबरचा कुरव तुम्हाला मिळाला होता, आण्णा. तुमचं काम चोख होतं, याचंही काम चोख होतं. पाठ मी उघडली."